परसदारची प्रश्नोत्तरं: मानमोडी, खुडूक कोंबडी आणि नाव ठेवलेला कोंबडा

या महिन्यातली निम्मी पत्रं मरतुकीची आहेत, म्हणून पहिल्या उत्तराला जास्त जागा देते. भोर तालुक्यातल्या आमच्या घरामागे २७ वर्षं कोंबड्या आहेत, शेळ्या नंतर आल्या. मी सांगते ते या सवयीतून आलेलं आहे, आणि जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वेळोवेळी कान धरून शिकवलेलं आहे.

गेल्या साली बचत गटाचं कर्ज काढून गिरिराजची ४० पिल्लं घेतली. चार महिने छान वाढली आणि मग आठ दिवसांत ३१ गेली. हिरवट-पांढरं हगायची, चोच उघडून श्वास घ्यायची, काहींच्या माना पिळल्यासारख्या झाल्या. आता सगळे म्हणतात, कडकनाथ घ्या, त्याला रोग लागत नाही. घेऊ का?
– एक भगिनी, ता. पाटण

ताई, तुम्ही लिहिलेली लक्षणं मानमोडीची दिसतात. डॉक्टर तिला राणीखेत म्हणतात. खात्री शवविच्छेदनाने आणि प्रयोगशाळेतल्या तपासणीने होते, त्यामुळे पुन्हा कधी अशी मर लागली तर नुकती मेलेली कोंबडी पिशवीत बांधून लगेच दवाखान्यात न्या.

कडकनाथ चांगला पक्षी आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातला, काटक, चरून पोट भरणारा. २०१८ साली त्याच्या मांसाला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मानमोडी त्यालाही होते. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठातून आलेला गिरिराज असो, हैदराबादच्या संशोधन केंद्रातला वनराज असो की तुमच्या आजीच्या वेळची गावठी कोंबडी, लस नसेल तर ही साथ कुणालाच सोडत नाही. जात बदलण्यात पैसे घालू नका. तुमची पिल्लं जातीमुळे गेली नाहीत.

लस कधी द्यायची ते स्वयंपाकघरात भिंतीवर लिहून ठेवा. पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की मानमोडीची लासोटा ही लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौथ्या आठवड्याच्या शेवटी तीच लस पुन्हा. आठव्या आठवड्यात आर-टू-बी, ही मानमोडीचीच जास्त जोरदार लस, ही टोचायची असते आणि लहान पिल्लांना कधीही द्यायची नाही. मध्ये देवीची लस येते, आणि पुढे मानमोडीची लस किती महिन्यांनी परत द्यायची ते तुमच्या भागातली साथ पाहून डॉक्टर सांगतील. लस निरोगी पक्ष्यालाच द्यायची. मर लागल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

थेंब घालताना घाई करू नका. पिल्लू डाव्या मुठीत धरायचं, डोकं अंगठा आणि तर्जनीत आडवं करायचं आणि थेंब डोळ्यावर पडला की तसंच थांबायचं. आधी डोळ्यावर पाण्याचा फुगा दिसतो, मग पिल्लू पापणी मिटतं आणि फुगा आत जातो. तो आत गेल्याशिवाय पिल्लू सोडलं, तर ते मान झटकतं आणि लस तुमच्या लुगड्यावर जाते.

खरी अडचण कुठे आहे ते मला माहीत आहे. बाटली येते १०० पिल्लांची आणि आपल्या घरी असतात आठ-नऊ. बर्फाच्या थर्मासमधून आणावी लागते, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून बायका म्हणतात, जाऊ दे. आमच्या वाडीत अकरा घरं आहेत. आम्ही ठरवून सगळ्यांच्या कोंबड्या एकाच आठवड्यात रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवतो. पिल्लं एकाच आठवड्यात निघतात, एकजण थर्मास घेऊन जाते, आणि सकाळी उन्हं चढायच्या आत अकरा घरांत एक बाटली फिरते. तुमचा तर बचत गट आहेच. कर्जाआधी हे ठरवा.

आणखी एक गोष्ट, आणि ही मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. २००९ साली गणपती उठल्यावर आठवडी बाजारातून दोन तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, आणल्या. तुरे लाल, पिसं चकचकीत. संध्याकाळ झाली होती म्हणून सरळ आमच्या कोंबड्यांत डालल्या. सहाव्या दिवशी सकाळी खुराडं उघडलं तर आतून आवाजच नाही. बावीस कोंबड्या गेल्या. त्या वर्षी लस 'पुढच्या आठवड्यात' म्हणत मी दोन महिने ढकलली होती. बाजारातला पक्षी दिसायला कितीही चांगला असला, तरी तीन आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूला वेगळा ठेवा. त्याचं पाण्याचं भांडं वेगळं, आणि आधी आपल्या कोंबड्यांना दाणा टाकून मगच त्याच्याकडे जायचं.

आणि मर लागली की उरलेल्या कोंबड्या बाजारात नेऊन चार पैसे करायचे, हे कृपा करून करू नका. माझ्या त्या दोन तलंगा तशाच कुणाच्या तरी अंगणातून आल्या असणार. मेलेल्या खोल खड्ड्यात चुना घालून पुरा, खुराडं खरवडून धुवा, चुना मारा आणि निदान महिनाभर रिकामं ठेवा. मग १२ आणा, ४० नको.

आमची गावठी कोंबडी १४ अंडी घालून खुडूक झाली. सासूबाई म्हणतात पाण्यात बुडव, शेजारीण म्हणते नाकात पीस घाल. काय करू?
– एक वाचक, ता. मावळ

दोन्ही करू नका. नाकात पीस घातलेली कोंबडी मी पाहिली आहे. ती दिवसभर जमिनीवर चोच घासत होती. खुडूक होणं हे दुखणं नाही. तिच्या अंगात आई होण्याची वेळ आली आहे. पोट गरम होतं, पोटाची पिसं झडतात, हात घातला तर ती फुगून 'कर्रर्र' करते. आणि ही खोड आता मोलाची झाली आहे. जास्त अंड्यांसाठी तयार केलेल्या कोंबड्या सहसा बसत नाहीत. वनराजची अंडी उबवायची असली तरी शेवटी गावठीच लागते. गावठी वर्षाला ५०-६० अंडी देते म्हणून तिला नावं ठेवणारे हे हिशेबात धरत नाहीत.

अंडी नकोच असतील तर तिला तीन-चार दिवस उंचावर टांगलेल्या, खालून हवा लागणाऱ्या पट्ट्यांच्या पिंजऱ्यात ठेवा. दाणा-पाणी भरपूर, पण पेंढा अजिबात नको. पोट गार पडलं की ऊब मोडते.

पण माझं ऐकाल तर बसवा. पाटीत तळाला राख, वर पेंढा, मध्ये खोलगट. राखेने उवा कमी होतात. अंडी आठवड्याच्या आतली, उन्हाळ्यात चार दिवसांच्या आतली घ्या. फ्रीजमधली नकोत, धुतलेली नकोत, फार मोठी किंवा वेडीवाकडी नकोत. दहा ते बारा पुरे, तिच्या अंगाखाली झाकली पाहिजेत. प्रत्येकावर पेन्सिलीने फुली करा, कारण दुसऱ्या कोंबड्या गुपचूप येऊन त्यात आपलं अंडं टाकून जातात. बसवायचं दिवस मावळल्यावर, अंधारात ती मुकाट्याने अंडी अंगाखाली घेते. आमच्या सासूबाई पाटीत एक कोळसा आणि खिळा ठेवायच्या, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. मी अजून ठेवते. त्याने काही होतं असं डॉक्टर म्हणत नाहीत, पण सासूबाईंचा हात त्या पाटीवर असल्यासारखं वाटतं.

सातव्या रात्री अंधारात अंडं बॅटरीवर धरा. आत लाल कोळ्यासारख्या शिरा पसरलेल्या दिसल्या तर जीव धरला आहे. नुसतं पिवळट उजळलं तर रिकामं, काढून टाका. कोंबडी दिवसातून एकदाच उठते, पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यात तिला दाणा, पाणी आणि अंगावर घ्यायला मऊ माती मिळायला हवी. २१व्या दिवशी अंड्याला कान लावला तर आतून टकटक येते. कवच सोलून मदत करू नका, रक्त येतं.

बाजारातली तपकिरी अंडी गावठी असतात का? ती जास्त पौष्टिक असतात का?
– एक वाचक, पुणे

रंग जातीवर ठरतो. तपकिरी अंडी देणाऱ्या पोल्ट्रीतल्या जातीही आहेत, त्यामुळे तपकिरी म्हणजे गावठी असं नाही. गावठी अंडं बहुधा लहान असतं आणि एका टोपलीतली सगळी सहसा एका रंगाची नसतात. नुसत्या रंगाने पौष्टिकता वाढत नाही. बलक गडद असतो तो हिरवा पाला आणि मका खाल्ल्याने.

पहिल्या पावसानंतर आमची दोन धष्टपुष्ट करडं चरून आली आणि रात्रीत पाय झाडत मेली. साप चावला म्हणावं, तर दोन्हींना कसा?
– एक वाचक, ता. जामखेड

साप नसावा. कोवळं गवत हपापून खाल्लेली, अंगाने भरलेली करडं अशी एका रात्रीत गेली की पहिला संशय आंत्रविषाराचा घ्यायचा. आतड्यातले जंतू एकदम वाढतात आणि त्यांचं विष भिनतं. म्हणूनच कळपातलं सगळ्यात चांगलं करडू आधी जातं आणि मालकाचा विश्वास बसत नाही. पावसाच्या आधी, मे महिन्यात लस टोचून घ्या. पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. जंताचं औषधही त्याच सुमारास द्या. पाऊस पडल्यावर पहिले पंधरा दिवस सकाळी कडबा किंवा वाळला चारा पोटात गेल्याशिवाय शेळ्या सोडू नका.

आखाडात कापायला म्हणून कोंबडा वाढवला. नऊ वर्षांच्या मुलीने त्याचं नाव 'सरदार' ठेवलं आहे, शाळेतून आली की तो तिच्या मागे मागे फिरतो. मिस्टर म्हणतात, तिला मामाकडे पाठवू आणि मग कापू, मुंगसाने नेला म्हणून सांगू. मला बरं वाटत नाही.
– एक आई, ता. खेड, जि. रत्नागिरी

तुम्हाला बरं वाटत नाही तेच बरोबर आहे. आमचा मुलगा सात वर्षांचा असताना आम्ही हेच सांगितलं होतं. त्या रात्री तो जेवला आणि दिसेनासा झाला. शोधलं तर खुराड्याच्या दाराशी गोणपाट पांघरून, हातात काठी घेऊन बसलेला. उरलेल्या कोंबड्यांना मुंगसाने नेऊ नये म्हणून. तीन रात्री त्याला तिथून उचलून आणावं लागलं. चौथ्या दिवशी मी त्याला खरं सांगितलं. तो रडला, माझ्याशी दोन दिवस बोलला नाही, पण काठी त्याने परत चुलीमागे ठेवली.

आमच्याकडे तेव्हापासून ठरलेलं आहे: ज्याला नाव ठेवलं तो कापायचा नाही, आणि नाव कुणाला ठेवायचं ते आधी विचारायचं. पिल्लं दोन महिन्यांची झाली की मुलांदेखत सांगायचं, हे कोंबडे आखाडासाठी आहेत. मुलांना ते कळतं, त्यांच्या पानातही तेच वाढलेलं असतं. कापायच्या आदल्या रात्री त्या कोंबड्याला फक्त पाणी, दाणा नाही. काही औषध चालू असेल तर किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांना विचारूनच कापायचा. आणि बाकीच्या कोंबड्यांसमोर कापायचा नाही.

सरदारला ठेवा. तुमच्याकडे आठ-दहा कोंबड्या असतील तर रवणीच्या अंड्यांत जीव धरायला एक कोंबडा लागतोच, तो हाच असू दे. फक्त दोन वर्षांनी तो बदलावा लागेल, नाहीतर तो स्वतःच्याच पिल्लांवर जाईल. तेव्हा त्याला दुसऱ्या वाडीत अशाच कामाला द्या, आणि पोहोचवायला मुलीला सोबत न्या.