एक्स-रेत पीळ दिसला, मग सीटी कशाला?

तुमच्या आजोबांच्या पोटाच्या एक्स-रेवर 'आतड्याला पीळ असावा' असं लिहून आलं आणि डॉक्टरांनी लगेच सीटी सांगितला. हा जादा खर्च कशासाठी, असं तुम्ही विचारलंय. मी सोलापुरात रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणून सांगतो.

एक्स-रेत पीळ दिसतच नाही, दिसते ती पिळामुळे कोंडलेली हवा. मागे मंगळवेढ्याकडचे एक आजोबा रात्री आले. चार दिवस संडास नाही, वायू सरत नाही, पोट टम्म. नळ भरले म्हणून घरच्यांनी पोट चोळलं, वर एरंडेल पाजलेलं. एक्स-रेत सिग्मॉइड, म्हणजे मोठ्या आतड्याचं शेवटाकडचं वळण, ओटीपोटातून निघून पार उजव्या बरगड्यांखाली पोचलेलं. मधोमध जाड रेघ, दोन भिंती एकमेकींना टेकून झालेली. पुस्तकात याला कॉफीची बी म्हणतात, मी नातेवाइकांना गव्हाचा दाणा म्हणून दाखवतो.

इतकं स्वच्छ चित्र दर वेळी मिळत नाही. गाठीमुळे अडलेलं आतडंही असंच फुगतं.

सीटीत मी एकेक काप खाली सरकवत जातो. एका जागी आतडं चोचीसारखं निमुळतं होतं आणि शेजारी रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या गुंडाळलेल्या दिसतात. ओली सोलापुरी चादर दोघांनी दोन टोकं धरून पिळावी, तशा. भोवरा दिसला की पिळाची जवळजवळ खात्रीच. मग माझी नजर आतड्याच्या भिंतीवर जाते. शिरेतून दिलेल्या औषधानं ती उजळली तर रक्त पोचतंय. उजळत नसेल, भिंतीतच हवेचे बुडबुडे असतील, तर आतडं मरू लागल्याची दाट शक्यता.

पुढचं सगळं यावर ठरतं. आतडं जिवंत असेल तर गुदद्वारातून दुर्बीण घालून पीळ सोडवता येतो. तो पुन्हा पडण्याची भीती मोठी, म्हणून नंतर तेवढा भाग काढायचं ऑपरेशन सुचवतात. आतडं काळं पडलं असेल तर थेट ऑपरेशन. त्या आजोबांची भिंत उजळली होती, रात्रीच दुर्बिणीनं हवा मोकळी झाली.

किडनीचा त्रास असेल तर सीटीतल्या त्या शिरेच्या औषधासाठी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कसं काम करते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट सोबत न्या. पण पोट लाकडासारखं कडक झालं, ताप चढला, तर सीटीच्या नंबरसाठी थांबू नका, सर्जनला आधी बोलवा. एरवी सीटी आजच करा, उद्यावर ढकलू नका. तोवर पोट चोळू नका, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडानं काही देऊ नका. जुलाबाचं तर मुळीच नको.