सीमेपलीकडे लढायला जाणारी ही पोरं कोण?

प्रश्न (एक वाचक, सांगली): आफ्रिकेत एका देशातली माणसं पैसे घेऊन शेजारच्या देशात लढायला जातात असं वाचलं. ही माणसं कोण असतात आणि त्यांना सीमेवरच का अडवत नाहीत?

उत्तर: भाडोत्री सैनिक म्हटलं की आपल्याला परदेशातला कुणीतरी माजी कमांडो आठवतो, तसेही असतातच, पण पश्चिम आफ्रिकेत हा माणूस बऱ्याचदा शेजारच्याच देशातला गरीब तरुण असतो. लायबेरियाचं बघा. २४ डिसेंबर १९८९ ला चार्ल्स टेलर या लायबेरियन बंडखोर नेत्याची माणसं आयव्हरी कोस्टमधून निम्बा भागात घुसली आणि यादवी पेटली, मार्च १९९१ मध्ये त्याच्याच पाठबळावर आरयूएफ या संघटनेचे बंडखोर शेजारच्या सिएरा लिओनमध्ये शिरले, आणि २००२ ला खुद्द आयव्हरी कोस्टमध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा तर सरकार आणि बंडखोर, दोन्ही बाजूंनी लायबेरियन पोरं लढत होती.

ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने २००५ च्या अहवालासाठी अशा साठेक जणांशी बोलून घेतलं. त्यातल्या बहुतेकांना आधी लहानपणीच पळवून किंवा जबरदस्तीने भरती केलेलं होतं, पुढं मोठं झाल्यावर हाताला काम नाही, शिक्षण नाही, घरच्यांचं पोट भरायचंय, म्हणून ती दुसऱ्या युद्धाला गेली. पगार म्हणजे काय तर आश्वासन आणि लुटायची मोकळीक. मला यात सगळ्यात जास्त राग येतो तो त्यांना पाठवणाऱ्यांचा, कारण पैसा आणि सत्ता वर राहते आणि मरतात ही पोरं आणि ती ज्या गावात घुसतात तिथली माणसं.

सीमेचं म्हणाल तर लायबेरिया आणि आयव्हरी कोस्टमध्ये बराच भाग कावाली नदी आणि घनदाट जंगल आहे. लायबेरियातले क्रान आणि पलीकडचे गेरे या जमाती एकमेकांच्या सोयऱ्याच, भाषाही जवळची, त्यामुळे पलीकडे गेलेला माणूस ओळखायचा कसा?

प्रश्न (एक वाचक, नाशिक): युद्ध संपल्यावर त्यांची हत्यारं काढून घेत नाहीत का?

उत्तर: घेतात ना. लायबेरियात डिसेंबर २००३ पासून घेतली, प्रत्येकाला ३०० डॉलर, दोन हप्त्यांत. नावं नोंदली गेली एक लाखाच्या वर आणि हत्यारं जमली २८ हजारांच्या आसपास, म्हणजे बघा. काही कमांडरांनी न लढलेली आपली माणसं यादीत घुसवून त्यांच्या पैशात वाटा मारला आणि खरोखर लढलेल्या कितीतरी जणांना प्रशिक्षण मिळालंच नाही. त्यात शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये हत्यार टाकणाऱ्याला ९०० डॉलरच्या आसपास देणार असं ठरत होतं, मग पोरगा कुठं जाणार सांगा. २०१०-११ ला तिथं निवडणुकीवरून तेव्हाचा अध्यक्ष बाग्बो आणि त्याचा प्रतिस्पर्धी वातारा यांच्यात जुंपली, तीन हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि परत लायबेरियन लढवय्ये होतेच. माझ्या मते हत्यार विकत घेण्यापेक्षा शेती, सुतारकाम, गवंडीकाम असलं काही शिकवून दोन-तीन वर्षं पाठीशी उभं राहायला हवं होतं.

प्रश्न (एक वाचक, पुणे): याविरुद्ध कायदा नाही का?

उत्तर: आहे. आफ्रिकी देशांनी १९७७ मध्येच करार केला, तो १९८५ ला लागू झाला. अडचण व्याख्येत आहे. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांच्या जोड करारात भाडोत्री ठरायला परका नागरिक, मुख्य हेतू पैसा, आणि आपल्या दर्जाच्या सैनिकापेक्षा खूप जास्त मोबदला, अशा सगळ्या अटी एकदम सिद्ध व्हाव्या लागतात. नुसत्या आश्वासनावर लढलेल्या पोरावर हे कसं सिद्ध करणार? पण पाठवणारा सापडू शकतो. सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांना मदत केल्याबद्दल टेलरला २०१२ मध्ये विशेष न्यायालयाने ५० वर्षांची शिक्षा दिली. त्याच आरयूएफने २००० साली लायबेरियाच्या सीमेजवळ कैलाहूनला भारतीय शांतिसैनिकांना वेढा घातला होता, दोनशेच्या वर जवान अडकले होते, आणि जुलैमध्ये ऑपरेशन खुकरी करून त्यांना सोडवावं लागलं.