एमुलेटरवर चालतंय, फोनवर चालंना: तुमचे प्रश्न

मागच्या वेळी म्हटलं होतं की ॲप टेस्ट करताना जिथं अडलात ते लिहून पाठवा, आणि बरेच प्रश्न आले, काही व्हॉट्सॲपवर, काही क्लासला येऊन, एकाने तर सात रस्त्याला चहाच्या गाडीवर गाठून लॅपटॉपच उघडला. त्यातले सगळ्यांच्या कामाचे आज घेतेय. (एमुलेटर म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणारा आभासी फोन.) कमांड इथं मराठीत लिहिल्यात, तुम्ही टाइप करताना इंग्रजीतच करा, आकडेसुद्धा. आकड्यांचं का सांगतेय ते खाली चादरीच्या प्रश्नात कळेल.

ताई, फोन केबलने जोडलाय, चार्जिंग पण होतंय, पण अँड्रॉइड स्टुडिओत दिसंनाच. डेव्हलपर ऑप्शन चालू केलाय. दोन दिवस यातच गेले. (अक्कलकोट रोड)

आधी केबल बदला. चार्जिंग होतंय म्हणजे केबल चांगली आहे असं नसतं, बऱ्याच स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच, फक्त करंटच्या असतात. शक्यतो फोनच्या डब्यात आलेली केबल घ्या. दुसरं म्हणजे बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन उघडला म्हणजे काम झालं असं नाही, त्याच्या आत जाऊन यूएसबी डीबगिंग वेगळं चालू करावं लागतं, आणि हे खूप जणांचं राहून जातं.

मग टर्मिनलमध्ये 'एडीबी डिव्हायसेस' (एडीबी म्हणजे लॅपटॉपवरून फोनला कमांड देणारं टूल) मारा आणि काय दिसतंय ते नीट वाचा. यादी रिकामी असेल तर केबल, डीबगिंगचं बटण नाहीतर विंडोजचा ड्रायव्हर. 'अनऑथोराइज्ड' दिसत असेल तर फोनचं लॉक उघडून स्क्रीन बघा, तिथं परवानगी मागितलेली असते. परवानगीची खिडकी येतच नसेल तर डेव्हलपर ऑप्शनमधून जुन्या यूएसबी परवानग्या रद्द करा आणि केबल काढून परत लावा. 'ऑफलाइन' असेल तर 'एडीबी किल-सर्व्हर' आणि मग 'एडीबी स्टार्ट-सर्व्हर'. फोन दिसतोय पण ॲप इन्स्टॉल होत नाही अशी तक्रार रेडमी-पोकोवाल्यांची असते, त्या फोनमध्ये 'इन्स्टॉल व्हाया यूएसबी' हे आणखी एक बटण असतं आणि ते चालू करायला बऱ्याचदा कंपनीचं अकाउंट आणि आत सिमकार्ड लागतं.

माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. एमुलेटर चालू केला की सगळंच थांबतं, माऊससुद्धा हलत नाही. घरी नवीन लॅपटॉपचं बोललोय पण आत्ता जमणार नाही म्हणाले. (जुळे सोलापूर)

लॅपटॉपसाठी घरच्यांकडे हट्ट करू नका, गरज नाहीये. पहिल्यांदा टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात सीपीयू उघडा आणि व्हर्च्युअलायझेशन 'एनेबल्ड' आहे का बघा. नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करावं लागेल. ते बंद असताना एमुलेटर एकतर चालू होत नाही नाहीतर नुसता रांगतो. जुन्या व्हिडिओत बघून हॅक्सम (एमुलेटर वेगात चालवणारं इंटेलचं जुनं सॉफ्टवेअर) टाकत बसू नका, इंटेलने ते २०२३ मध्ये बंद केलंय, आता विंडोज फीचर्समधून 'विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म' चालू करायचं.

पण खरं सांगू का, ८ जीबीत अँड्रॉइड स्टुडिओ, क्रोम आणि एमुलेटर तिघं सुखाने नांदत नाहीत. घरात जुना अँड्रॉइड फोन पडलेला असेल तर तोच जोडा, स्क्रीनला तडा गेलेला असला तरी चालेल. लॅपटॉपवर फोनची स्क्रीन बघायला एससीआरसीपीवाय नावाचं फुकट टूल आहे, माऊसने फोन चालवता येतो. एमुलेटर ठेवा फक्त जे तुमच्याकडे नाही त्यासाठी, म्हणजे टॅबलेटचा आकार, अँड्रॉइडची वेगळी व्हर्जन वगैरे.

लॅपटॉपवर नोडचा सर्व्हर ३००० पोर्टला चालतोय. एमुलेटरवर १०.०.२.२ टाकलं तर डेटा येतो, तेच एपीके (ॲपची फाइल) फोनवर टाकलं की कनेक्शन फेल. (विजापूर रोड)

१०.०.२.२ हा पत्ता फक्त एमुलेटरच्या आतला आहे. एमुलेटरमध्ये लोकलहोस्ट म्हटलं की तो स्वतःलाच शोधतो, म्हणून लॅपटॉपसाठी हा वेगळा पत्ता ठेवलाय. तुमच्या फोनला त्या पत्त्याचा काही अर्थ नाही.

सगळ्यात सोपा उपाय: फोन केबलने जोडून 'एडीबी रिव्हर्स टीसीपी:३००० टीसीपी:३०००' मारा आणि ॲपमध्ये लोकलहोस्ट ३००० ठेवा. फोनने स्वतःच्या ३०००वर हाक मारली की ती केबलमधून लॅपटॉपला जाते, आणि हे एमुलेटरवरही चालतं, म्हणजे दोन्हीकडे एकच पत्ता. केबल काढली की हे पुसलं जातं, परत मारायचं. केबलशिवाय हवं असेल तर फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर घ्या, लॅपटॉपचा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता टाका, सर्व्हर ०.०.०.० वर ऐकतोय ना ते बघा आणि विंडोज फायरवॉलमध्ये पोर्ट उघडा.

हे सगळं करूनही येईना तर लॉगकॅटमध्ये, म्हणजे फोनच्या नोंदी दिसतात त्या खिडकीत, 'क्लिअरटेक्स्ट' शब्द शोधा. अँड्रॉइड ९ पासून साधं एचटीटीपी आपोआप अडवलं जातं, एचटीटीपीएसच लागतं. तुमचा एमुलेटर अँड्रॉइड ८ चा आणि फोन नवीन असेल तर नेमका असाच फरक दिसतो. नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमध्ये सूट देता येते, पण ती फक्त डीबग बिल्डला द्या, लोकांच्या हातात जाणाऱ्या ॲपला अजिबात नको.

चादरीच्या कारखान्याच्या गोडाऊनसाठी स्टॉकचं ॲप केलंय. माझ्या फोनवर, एमुलेटरवर दोन महिन्यात एकदाही क्रॅश नाही. पण गोडाऊनच्या मामांच्या फोनवर गठ्ठ्याचं वजन टाकून सेव्ह केलं की ॲप बंद पडतं, नग टाकले तर चालतं. फोन माझा आणि त्यांचा एकच मॉडेल आहे ताई. (एमआयडीसी)

हा प्रश्न वाचून मी लगेच उलटा मेसेज केला की मामांचा फोन मराठीत आहे का, आणि उत्तर आलं, हो. मग कोड मागवला आणि जे वाटलं होतं तेच निघालं.

कोडमध्ये वजन दोन दशांशात बसवायला 'स्ट्रिंग फॉरमॅट' वापरलंय आणि भाषा सांगितलेली नाही. भाषा सांगितली नाही की अँड्रॉइड फोनची भाषा घेतो, आणि मराठीचे ठरलेले आकडे देवनागरी आहेत. म्हणजे तुमच्या इंग्रजी फोनवर जे साडेबारा इंग्रजी आकड्यात येतात ते मामांच्या फोनवर १२.५० असे देवनागरीत येतात. पुढच्या ओळीत तुम्ही ते परत 'टू डबल' करताय, म्हणजे मजकुराचा दशांश आकडा करताय, आणि त्याला देवनागरी आकडे कळत नाहीत, ॲप तिथंच पडतं. नग मात्र 'टू इंट'ने (पूर्णांक करून) जातात आणि त्याला देवनागरी आकडे वाचता येतात, म्हणून नगाला काही होत नाही. एकाच स्क्रीनवर एक चालतं एक पडतं याचं कारण एवढंच.

आता सोलापुरात हे आणखी कसं चकवतं बघा. आपल्याकडे एकाच गोडाऊनमध्ये एकाचा फोन मराठीत, दुसऱ्याचा तेलुगूत, तिसऱ्याचा कन्नडमध्ये असतो. तेलुगू, कन्नड आणि हिंदीलासुद्धा अँड्रॉइड आपणहून इंग्रजी आकडेच देतो, त्यामुळे या सगळ्यांचे फोन व्यवस्थित चालणार आणि फक्त मराठीवाल्याचा पडणार, आणि सगळे म्हणणार की मामांनाच वापरता येत नाही. मामांना वापरता येतंय, चूक आपल्या कोडची आहे, हे त्यांना नक्की सांगा, कारण असे लोक लगेच स्वतःलाच दोष देऊन ॲप वापरायचं सोडतात.

दुरुस्ती अशी: जे मशीनला द्यायचंय, म्हणजे डेटाबेस, सर्व्हर, फाइलचं नाव, तिथं फॉरमॅट करताना 'लोकेल यूएस' स्पष्ट लिहा. तारखांचंही तेच, 'सिंपल डेट फॉरमॅट'ला भाषा दिली नाही तर सर्व्हरला देवनागरी तारीख जाते आणि सर्व्हर ती नाकारतो. जे माणसाला दाखवायचंय ते मात्र त्याच्या भाषेतच राहू द्या, सगळीकडे इंग्रजी आकडे लादून प्रश्न मिटवू नका. आणि मराठी कीबोर्डवरून कुणी देवनागरी आकडे टाइप केलेच तर ते वाचता येतील अशी सोयही करा, एक छोटं फंक्शन पुरतं.

टेस्टिंगसाठी एक एमुलेटर कायमचा मराठीत ठेवा, इंग्रजीत परत आणायचाच नाही. त्यावर अक्षरं पण सगळ्यात मोठी करून बघा, अँड्रॉइड १४ मध्ये ती दुपटीपर्यंत जातात. इंग्रजीत बटणाची उंची ठरवून टाकली की मराठीत वरच्या वेलांट्या आणि रफार कापले जातात, 'वर्षं' मधला रफारच गायब होतो. उंची ठरवू नका, मजकुराप्रमाणे वाढू द्या.

एमुलेटरवर माझं लोकेशन अमेरिकेत दाखवतंय. (होटगी रोड)

सगळ्यांचं तसंच दाखवतं, कॅलिफोर्नियातलं गूगलचं ऑफिस तिथं आधीच भरलेलं असतं. बाजूच्या तीन टिंबांतून लोकेशन उघडून सोलापूर टाका. कमांडने देणार असाल तर 'एडीबी ईएमयू जिओ फिक्स ७५.९१ १७.६६', इथं रेखांश आधी आणि अक्षांश नंतर, आपल्या सवयीच्या उलटं. उलटसुलट झालं तर तुम्ही थेट आर्क्टिक समुद्रात पोचता.

डीबगमध्ये छान चालतं, रिलीज एपीके केलं की यादी रिकामी येते, एरर पण नाही. (मुरारजी पेठ)

आर८ या कोड लहान करणाऱ्या टूलने नावं बदललीत. रिलीज बिल्ड लहान करताना तो क्लासमधल्या फील्डची नावं बदलून ए, बी, सी करतो, मग सर्व्हरच्या जेसनमधलं (डेटा ज्या रूपात येतो त्यातलं) नाव जुळत नाही आणि सगळं नल, म्हणजे रिकामं येतं. फील्डवर 'सीरियलाइज्ड नेम' लावा किंवा ते क्लास 'कीप' करा. आणि डीबगवालं ॲप काढून मगच रिलीज टाका, सही वेगळी असल्यामुळे वरून बसत नाही.

आमच्या गल्लीत पाणी रोज येत नाही आणि आलं तर वेळ पक्की नसते, म्हणून एक ॲप केलंय, व्हॉल्व्ह उघडला की आमच्यातला एकजण बटण दाबतो आणि सगळ्यांना नोटिफिकेशन जातं. टेबलावर टेस्ट केलं तर सेकंदात येतं. पण पहाटे निम्म्या घरांत येईनाच की ओ, आणि काहींना सकाळी नऊला येतं, तेव्हा पाणी जाऊन तास झालेला असतो. (भवानी पेठ)

या ॲपसाठी मनापासून शाबासकी. पाणी चुकलं की त्या घरातल्या बाईचे पुढचे तीन-चार दिवस कसे जातात हे मला माहितीय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

टेबलावर येतं आणि पहाटे येत नाही याचं मुख्य कारण तुमची केबल आहे. फोन लॅपटॉपला जोडलेला म्हणजे चार्जिंगला लावलेला, आणि चार्जिंगवर अँड्रॉइड 'डोझ'मध्ये म्हणजे गाढ झोपेत जात नाही. रात्री उशाशी पडलेला फोन जातो, आणि तेव्हा साध्या प्रायॉरिटीचे मेसेज तो बाजूला ठेवून देतो. ही झोप टेबलावर आणता येते: 'एडीबी शेल डंपसिस बॅटरी अनप्लग', मग स्क्रीन बंद, मग 'एडीबी शेल डंपसिस डिव्हाइसआयडल फोर्स-आयडल', आणि आता नोटिफिकेशन पाठवून बघा. झालं की 'अनफोर्स' आणि 'बॅटरी रीसेट' मारायला विसरू नका, नाहीतर फोन चार्जिंगला असून नाही म्हणत राहतो. बहुतेक तुम्हाला दिसेल की मेसेज अडकला. तो हाय प्रायॉरिटीने पाठवा, पाण्याची सूचना त्यात बसते. जाहिरात, शुभेच्छा त्याच वाटेने पाठवू नका.

नऊला येणाऱ्याचं वेगळं. रात्री ज्याचा डेटा बंद आहे त्याचा मेसेज फायरबेस (नोटिफिकेशन पोचवणारी गूगलची सेवा) धरून ठेवतो, काही सांगितलं नाही तर चार आठवड्यांपर्यंत, आणि सकाळी डेटा चालू केला की देतो. मेसेजला 'टाइम टू लिव्ह' द्या, पाणी जेवढा वेळ असतं तेवढंच. पाणी गेल्यावर आलेली 'पाणी आलं' ही सूचना न आलेल्यापेक्षा वाईट, माणूस उगाच नळाला धावतो.

मग घरोघरी जाऊन फोन बघावे लागतील, याला पर्याय नाही. अँड्रॉइड १३ आणि पुढे नोटिफिकेशनची परवानगी मागावी लागते, कुणीतरी 'नको' दाबलेलं असणार. बऱ्याच कंपन्यांच्या फोनमध्ये ऑटोस्टार्ट आणि बॅटरीची बंधनं वेगळी असतात, तिथं तुमच्या ॲपला सूट द्या. आणि सेटिंगमध्ये जाऊन कुणी ॲप 'फोर्स स्टॉप' केलं असेल तर ते परत उघडेपर्यंत एकही मेसेज येत नाही.

शेवटचं एक काम कराच: मेसेज फोनवर पोचला की ॲपने सर्व्हरला तशी नोंद पाठवावी. म्हणजे बटण दाबणाऱ्याला दोन मिनिटांत कळेल की कुठल्या घरांत पोचला नाही, आणि त्या घरांना तो साधा फोन करेल. पुढच्या पाळीला किती घरांत वाजलं आणि किती घरांना फोन करावा लागला ते मोजून मला कळवा, राहिलेले फोन आपण एकेक करून बघू.