जर्मनीत येताय, आणि मुलाला घरी मदत लागते

ताई, नवऱ्याची नोकरी श्टुटगार्टला, मुलगा नऊ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी. मग घरी येऊन मदत करणारं माणूस सरकारकडून मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. व्हिसाची माहिती वकिलातीच्या साइटवर आहे, ती सोडते.

पहिली दोन वर्षं केअर विम्यातून (आरोग्य विम्याहून वेगळा, रोजच्या सांभाळण्यासाठीचा विमा) काही मिळणार नाही, हे धरूनच निघा. एका मुलाच्या पालकांसाठी हप्ता पगाराच्या ३.६ टक्के, त्यातला निम्मा कंपनी भरते आणि निम्मा पहिल्या पगारापासून कापला जातो. पण गेल्या दहा वर्षांत किमान दोन वर्षं हप्ते भरलेले असल्याशिवाय हक्क सुरू होत नाही. मुलासाठी आईवडिलांपैकी एकाची दोन वर्षं धरतात. तोवर आरोग्य विम्यातून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, फिजिओथेरपी, व्हीलचेअर, नळीने अन्न देण्यासारखं नर्सिंग मिळतं. आंघोळ, भरवणं, कपडे बदलणं हे सगळं तुमच्यावरच. पगार जास्त असेल तर खाजगी विम्याचे एजंट मागे लागतील. घेऊ नका. सरकारी विम्यात मूल जादा हप्त्याशिवाय येतं आणि त्याचा आजार कुणी विचारत नाही. खाजगीत नेमकं तेच आधी विचारतात.

दोन वर्षं भरली की त्याच दिवशी विमा कंपनीला फोन करा. फॉर्मची वाट पाहू नका, कारण पैसे अर्ज केलेल्या महिन्याच्या आधीचे मिळत नाहीत. मग तपासनीस घरी येतो आणि गुण देतो. २७ गुणांना दुसरा फ्लेगेग्राड (मदतीच्या गरजेची पातळी, थोडक्यात ग्राड), ४७.५ ला तिसरा, ७० ला चौथा. मुलाची तुलना त्याच्याच वयाच्या निरोगी मुलाशी होते. आपल्याला वाटतं चालता येत नाही म्हणजे गुण भरपूर. पण हालचालीला फक्त १० टक्के वजन आहे, आणि खाणं, धुणं, कपडे, संडास-लघवी यांना ४०. आपल्या घरांतले गुण जातात ते इथेच. पाहुणे येणार म्हणून घर आवरलेलं, मुलगा इस्त्रीच्या कपड्यांत, आणि आई सांगते, "तसा करतो हो तो सगळं." कृपा करून असं करू नका. आधीचे दोन आठवडे वहीत लिहा: घास भरवायला किती वेळ, रात्री किती वेळा उठावं लागतं, कूस कोण बदलतं, औषध थुंकलं तर पुढे काय. ती वही तपासनिसाच्या हातात द्या. ग्राड कमी आला तर एका महिन्यात लेखी हरकत घ्या आणि तपासणीचा अहवाल मागून घ्या.

तिसऱ्या ग्राडला महिन्याला ५९९ युरो रोख, किंवा १,४९७ युरोपर्यंतची सेवा. कागदावर सेवा मोठी दिसते, पण लहान मुलं घेणाऱ्या संस्था थोड्या आणि माणसं त्याहून थोडी. म्हणून बहुतेक घरं रोख घेतात आणि स्वतः करतात. शिवाय महिन्याला १३१ युरो मिळतात, पण ते रोख नाही, मान्यताप्राप्त संस्थेच्या बिलावरच. पुण्यातल्या ब्यूरोसारखी चोवीस तासांची बाई इथे या पैशांत मिळत नाही. सासूबाईंना मदतीला आणाल, तर व्हिजिट व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच.

शाळेसाठी सोबतीचं माणूस वेगळ्या खात्याकडून मंजूर होतं, तो अर्ज प्रवेशाबरोबरच टाका. ते माणूस आजारी पडलं की शाळा फोन करते, मुलाला घरी न्या. धडधाकट मुलांना असं कुणी घरी पाठवत नाही, आणि हे मला अजून सलतं.

एकटेपणाचं विचारलंत. येतो, कामात निभतो. मला जास्त टोचतं ते दुसरंच: ज्या विम्यात मी दर महिन्याला भरते, त्यातला एक युरोही सांगलीत अंथरुणाला खिळलेल्या आईपर्यंत पोहोचत नाही. त्या मानाने तुमचं माणूस तरी तुमच्याबरोबर येतंय.

तुमच्यापैकी एकाची नोकरी बहुधा अर्धवेळ होईल. दुसऱ्या ग्राडपासून, आठवड्याला किमान दोन दिवस मिळून दहा तास सांभाळत असाल आणि नोकरी तीस तासांहून जास्त नसेल, तर केअर विमा तुमच्या पेन्शनचा हप्ता भरतो. त्यासाठी एक प्रश्नावली भरून द्यावी लागते. ती आली नाही तर फोन करून मागा.