घरासाठी नेट कोणाचं घ्यावं: मोठ्या कंपनीचं, बीएसएनएलचं की गल्लीतल्या केबलवाल्याचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला इंदिरानगरात भाड्याचा फ्लॅट घेतलाय, तिसरा मजला. बायकोचं ऑफिस घरूनच चालतं, आईला संध्याकाळच्या मालिका हव्यात. समोर जिओ, एअरटेल, बीएसएनएल आणि गल्लीतला केबलवाला. चौघांचे प्लॅन बघून डोकं गरगरलंय, तर घ्यायचं कोणाचं?

मीही नाशिकचाच, गंगापूर रोडच्या बाजूला राहतो. अकरा वर्षांत चार कनेक्शनं बदलली, त्यातली दोन रागाच्या भरात. तेव्हा माझं ऐकाल तर प्लॅनचा तक्ता सगळ्यात शेवटी उघडा. आधी तुमच्या जिन्यात कोणाची वायर धड आलीय आणि ती तुटल्यावर जोडायला कोण येतो, हे बघा. एकाच कंपनीचं नेट माझ्याकडे आचके देत होतं आणि तुमच्या इंदिरानगरात माझ्या मेव्हण्याकडे झकास चालत होतं. कंपनी तीच, प्लॅनही तोच.

हे बघायचं कसं? आज संध्याकाळी जिन्यात उभं राहून फोनची वाय-फायची यादी उघडा. बहुतेक लोक राउटरचं मूळ नाव बदलतच नाहीत, त्यामुळे कोणत्या कंपनीची किती घरं आहेत ते नावांवरूनच कळतं. मग जिचे ग्राहक जास्त दिसतील तिच्या एखाद्या घरची बेल वाजवा. ‘नेट चांगलं आहे का?’ असं विचारू नका, सगळे ‘ठीक आहे’ म्हणतात. विचारायचं, ‘काकू, गेल्या पावसाळ्यात किती दिवस बंद होतं, आणि दुरुस्तीला माणूस कधी आला?’ यावर खरी उत्तरं येतात, चहाही मिळतो. वॉचमनलाही विचारा. डक्टची, म्हणजे वायरी वर नेणाऱ्या बंद खणाची, किल्ली त्याच्याकडे असते, कोणत्या कंपनीचा पोरगा महिन्यातून किती वेळा किल्ली मागतो ते त्याला पाठ असतं.

मी एवढं दुरुस्तीवर का बोलतोय, त्याची गोष्ट. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत आमच्या ओएनटीवर, म्हणजे फायबरची वायर ज्या डब्यात येते त्यावर, एलओएसचा लाल दिवा लागला. याचा अर्थ पलीकडून प्रकाशच पोचत नाही. कॉल सेंटरवाली बाई रोज नव्या गोडीने ‘अठ्ठेचाळीस तासांत होईल’ सांगायची. पाचव्या दिवशी एक मुलगा आला, पाठीला सॅक, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. त्याने हिरव्या टोकाची पॅच कॉर्ड, म्हणजे ओएनटीत खुपसलेली छोटी वायर, उपसून हातातल्या पॉवर मीटरला लावली. वायरीतून किती प्रकाश पोचतो ते हा मीटर दाखवतो. आकडा आला उणे ३४. मग आम्ही दोघं गच्चीवर. पाण्याच्या टाकीमागे बाइंडिंग वायरने बांधलेला जॉइंट बॉक्स, त्याला झाकण नाही, आत कबुतराने काड्या भरलेल्या आणि खाली वीतभर पाणी. त्याने काड्या काढल्या, वायर पुसली, कापली, स्प्लायसिंग मशिनमध्ये दोन्ही टोकं जोडली. खाली येऊन पुन्हा मीटर लावला तर उणे २१. दिवा हिरवा. सगळं काम पस्तीस मिनिटांचं.

मी म्हटलं, ‘दादा, एवढंच होतं तर पाच दिवस का?’ तो म्हणाला, ‘काका, तक्रार आमच्याकडे कालच आली. आणि तीन एरियांना मी एकटाच आहे.’

तो कंपनीचा नोकर नव्हताच, कंत्राटदाराचा होता. जाहिरातीतला चेहरा कंपनीचा असला तरी तुमच्या गच्चीवर चढणारा माणूस कंत्राटदाराचा, आणि प्रत्येक भागात कंत्राटदार वेगळा. म्हणून ‘अमुक कंपनी चांगली की तमुक’ याचं अख्ख्या शहराला लागू पडेल असं उत्तर मी देऊच शकत नाही.

त्या आकड्याचं लक्षात ठेवा. साधारण उणे १५ ते उणे २४ असेल तर निवांत राहा. उणे २७च्या आसपास गेला की समजा वायर रडतखडत चाललीय, एका पावसात बसेल. जोडणीच्या दिवशी त्या मुलाला मीटर दाखवायला सांगा आणि आकड्याचा फोटो काढून ठेवा. पुढे भांडायची वेळ आली तर उपयोगी पडतो.

आता केबलवाला. यांच्यात दोन जाती आहेत. एक जण घरापर्यंत फायबर आणतो. दुसरा जिन्यात किंवा गच्चीवर एक स्विच, म्हणजे अनेक घरांना नेट वाटणारा विजेवरचा डबा, बसवतो आणि तिथून घरात लॅनची जाड वायर टाकतो. दुसऱ्याच्या बाबतीत इमारतीची वीज गेली की स्विच झोपतो आणि तुमच्या घरी इन्व्हर्टर असला तरी नेट जातं. फायबरला मधे वीज लागत नाही, वाटेतले स्प्लिटर, म्हणजे एका वायरीतला प्रकाश अनेक घरांना वाटणारे तुकडे, विजेशिवाय चालतात. घरातला ओएनटी आणि राउटर चालू राहिला की झालं, त्यासाठी बाजारात छोटा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो. घ्यायच्या आधी अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर वाचा.

केबलवाल्याचं मोठं सुख म्हणजे तो फोन उचलतो आणि संध्याकाळी स्वतः गाडीवर येतो. माझं तिसरं कनेक्शन असंच होतं, तीन वर्षं सुखात गेली. पण रात्री नऊ ते अकरा, सगळी गल्ली एकदम नेट वापरायला बसली की याचं नेट दमतं का, हे शेजाऱ्याच्या घरी त्याच वेळी स्पीड टेस्ट करून बघा. दुपारी केलेल्या टेस्टला काही अर्थ नाही. बायकोला ऑफिसकडून नेटचे पैसे परत मिळत असतील तर जीएसटीचं पक्कं बिल देतो का, हेही आधी विचारून घ्या.

बीएसएनएलबद्दल लोकांच्या मनात अजून जुना लँडलाइनचा काळ बसलाय. आज कित्येक ठिकाणी त्यांचं फायबर स्थानिक भागीदार टाकतो आणि सांभाळतो, कमाईत वाटा घेऊन. आमच्याकडे जोडणीला आला तो आमचाच केबलवाला! त्यामुळे तुमच्या यादीतला तिसरा आणि चौथा पर्याय प्रत्यक्षात एकच माणूस असू शकतो. माणूस चांगला असेल तर मग मजाच.

एअरफायबरपासून जरा सावध. एअरटेलने ते ऑगस्ट २०२३मध्ये आणलं, जिओने त्याच सप्टेंबरात. नावात फायबर असलं तरी नेट मोबाईलसारखं हवेतूनच येतं. विक्रेता दारात आला की सरळ विचारा, ‘तार घरात येणार की गच्चीवर डबा बसणार?’ डबा असेल तर डेटाची मर्यादा बघा. फायबरच्या बऱ्याच ‘अनलिमिटेड’ प्लॅनना महिन्याला ३.३ टीबीची (म्हणजे सुमारे ३३०० जीबी) अट असते, जी घरगुती वापरात संपत नाही. एअरफायबरला ती १ टीबीपर्यंत खाली आलेली दिसते. शिवाय अपलोड फायबरपेक्षा बरंच कमी. दिवसभर व्हिडिओ कॉल असतील तर मी जिथे फायबर पोचत नाही तिथेच हे घेईन.

स्पीडचं फार मनावर घेऊ नका. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. आठाने भागा, साडेबारा येतात. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की एचडीला ५ एमबीपीएस पुरतात आणि ४केला १५. तुमच्या घरी एक ऑफिस आणि एक टीव्ही, १०० मध्ये सगळं आरामात. ३०० घेऊनही आतल्या खोलीत नेट रडतं, कारण मधे भिंत असते. वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा बँड वेगवान पण भिंतीपुढे लवकर थकतो, २.४चा लांब जातो पण हळू असतो. राउटर दोन्ही बँडचा मागा, आणि तो चपलांच्या कपाटावर ठेवू नका (आमच्याकडे वर्षभर तिथेच होता, आईला दिवे लुकलुकलेले आवडत नाहीत म्हणून). बायकोच्या टेबलापर्यंत एक लॅनची वायर ओढलीत तर निम्म्या तक्रारी जन्मालाच येणार नाहीत.

पैशांचं. दिसतो तो दर, त्यावर १८ टक्के जीएसटी. ९९९चा प्लॅन हातात ११७९ला पडतो. आणि भाड्याचं घर आहे, करार अकरा महिन्यांचा असणार, मग नेटचे बारा महिन्यांचे पैसे आगाऊ कशाला भरताय? ‘वर्षाचे भरा, दोन महिने फुकट’ या मोहात मी एकदा पडलो होतो. पाचव्या महिन्यात घर बदललं. नव्या इमारतीत त्या कंपनीची वायरच नव्हती आणि उरलेले पैसे मागता मागता माझाच दम निघाला. कंपनीचं नाव घेत नाही, सही मीच केली होती. मोबाईल नंबरसारखी ब्रॉडबँडला पोर्टेबिलिटी नाही, घर बदललं की बहुधा पहिल्यापासून सुरुवात. सोडताना राउटर परत दिल्याची पावती मात्र घ्याच.

तक्रार केलीत की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून ठेवा. दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडे, म्हणजे तक्रारीवर अपील ऐकणाऱ्याकडे, जाता येतं. ट्राय, म्हणजे या कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, एकट्यादुकट्याची तक्रार सोडवत नाही, तिकडे मेल पाठवून वाट बघू नका.

तुमच्या जागी मी असतो तर जिन्यात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या कंपनीचं फायबर, १००चा प्लॅन, महिन्याच्या बोलीवर घेतला असता. आणि बायकोच्या फोनमध्ये मुद्दाम दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवलं असतं. घरचं नेट आणि मोबाईल एकाच कंपनीचं असलं की कधीकधी दोन्ही एकदम झोपतात, आणि ते नेमकं तिच्या मीटिंगच्या वेळी. वाय-फायच्या यादीत काय काय नावं दिसली ते कळवा, म्हणजे तुमच्या भागात दुरुस्तीला कोण फिरतो ते मेव्हण्याला विचारून सांगतो. तो तिकडेच राहतो.