इग्वाना पाळताय? नर की मादी ते आधी ठरवा

दुकानदार म्हणतो, मादी इग्वाना शांत असते, तीच न्या. खरं आहे का?

शांत असते हे बऱ्याच अंशी खरं. पण दुकानात मिळतं ते पिल्लू, आणि हिरव्या इग्वानाच्या, म्हणजे या मोठ्या सरड्याच्या, पिल्लाकडे नुसतं बघून नर-मादी ओळखता येत नाही. खुणा स्पष्ट व्हायला दीड-दोन वर्षं जातात. त्यामुळे ‘मादीच आहे, लिहून देतो’ या बोलण्यावर जाऊ नका. मादीच हवी असेल, तर कुणाला सांभाळणं झेपेनासं झालेली मोठी मादी कागदपत्रांसह घ्या. असे प्राणी बरेच असतात, कारण हे पिल्लू पुढे पाच-सहा फूट लांब होतं आणि पंधरा-वीस वर्षं जगतं, हे घेताना कुणी सांगत नाही.

आमचा इग्वाना दोन वर्षांचा झाला. नर आहे की मादी, घरी कळेल का?

कळेल. त्याला उताणा करू नका, एकाने अंगाखाली हात देऊन धरा आणि दुसऱ्याने मागचा पाय हलकेच उचला. मांडीच्या आतल्या बाजूला छिद्रांची एक रांग दिसेल. मादीत ते बारीक ठिपके असतात. नरात ती छिद्रं मोठी होतात आणि त्यांतून मेणासारखा घट्ट, पिवळट-करडा पदार्थ बाहेर आलेला असतो, बोटाला खरखरीत लागतो. तो पू समजून टोकरू नका. शिवाय नराचं डोकं रुंद, गाल फुगीर, पाठीवरचे काटे उंच, आणि गळ्याखालची लोंबती कातडी बैलाच्या पोळीसारखी मोठी. तरी शंका राहिली तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला दाखवा.

चार वर्षांचा नर. इतकी वर्षं खांद्यावर बसायचा, आता अंगावर धावून येतो. आमचं काय चुकलं?

तुमचं काही चुकलेलं नाही. हा विणीचा हंगाम आहे. वर्षातून एकदा येतो आणि काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकतो. रंग नारिंगी होतो, मान जोरात वर-खाली हलते, अंग चपटं करून तो आडवा उभा राहतो. ही खूण दिसली की मागे व्हा. या दिवसांत खांद्यावर अजिबात घेऊ नका. त्याच्या चाव्याने ओठ-कान फाटतात, टाके पडतात. आरसे झाका, कारण प्रतिबिंब त्याला प्रतिस्पर्धी नर वाटतं. वरून हात घालू नका. घरात लहान मुलं असतील, तर मी नर घेऊ नका असंच सांगेन.

मादी एकटीच आहे, नर नाही. तरी पोट फुगलंय, खात नाही, सारखी कोपरे उकरते.

तिच्या पोटात अंडी आहेत. नराशिवायही मादी अंडी घालते, कोंबडी घालते तशीच, आणि एका खेपेत २० ते ७० घालू शकते. हे माहीत नसल्यामुळेच मादी ‘सोपी’ वाटते. तिला आत शिरून वळता येईल एवढी, अंधारी, ओलसर माती-वाळू भरलेली पेटी आजच द्या. जागा मनासारखी मिळाली नाही तर ती अंडी अडवून धरते आणि ती अडकली तर जीव जातो. खाणं बंद असलं तरी ती हिंडती-फिरती असेल, तर काही दिवस वाट बघता येते. पण मलूल पडली, बोटं थरथरू लागली, पाय ओढू लागली, तर रात्र काढू नका, एक्स-रे आणि कॅल्शियमची तातडीने गरज आहे. एरवी तिला शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला द्या. पालक नेहमी नको. आणि ऊन थेट हवं, खिडकीच्या काचेतून उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण आत येत नाहीत. हा अंड्यांचा त्रास नको असेल तर अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया अनुभवी पशुवैद्याकडून करता येते. दरवर्षीच्या या टांगत्या तलवारीपेक्षा ती मला बरी वाटते.

जोडीने ठेवले तर?

नको. दोन नर एकमेकांना फाडतात. नर-मादी असतील तर नर मानेला चावून तिला जखमी करतो.

परवाना लागतो का?

नोंदणी लागते. इग्वाना वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर अशा प्राण्यांची माहिती सरकारला द्यावी लागते. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर होते. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी कळवायचं. सांभाळणं अशक्य झालं तर रानात सोडू नका, वनविभागाला फोन करा. आणि कुणी ‘देशी इग्वाना’ म्हणून घोरपड विकत असेल, तर ती याच कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. घेणारा आणि विकणारा, दोघंही गुन्हेगार ठरतात.