जगभर एवढं संशोधन होतं, ते एकत्र कोण करतं? आणि एक अभ्यास ‘हो’ म्हणतो, दुसरा ‘नाही’, तर खरं कुणाचं मानायचं?

वैद्यकीय संशोधनाचे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करणाऱ्या गटात मी काम करते. एकाच प्रश्नावरचे जगातले सगळे अभ्यास शोधायचे, पारखायचे आणि एकत्र मांडायचे, हे आमचं रोजचं काम. त्यामुळे तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे.

तुमचा गोंधळ होतो त्याचं मुख्य कारण आधी सांगते. ‘एका नव्या अभ्यासानुसार’ अशी बातमी येते तेव्हा आपल्याला वाटतं की विज्ञानाने निकाल दिला. प्रत्यक्षात एक शोधनिबंध म्हणजे खटल्यातली एक साक्ष असते. निकाल लागायचा तर सगळ्या साक्षी समोर याव्या लागतात, आणि खरी अडचण तिथेच आहे.

निबंध प्रसिद्ध कसा होतो ते थोडक्यात सांगते. संशोधक लिहून जर्नलकडे, म्हणजे संशोधन छापणाऱ्या नियतकालिकाकडे पाठवतात, संपादक तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांना वाचायला देतात, त्यांच्या शंकांना उत्तरं देऊन सुधारणा झाल्या की तो छापला जातो. हे जाणकार सहसा प्रयोग पुन्हा करून बघत नाहीत, अनेकदा मूळ डेटाही त्यांच्यासमोर नसतो. मांडणी सुसंगत आहे का, पद्धतीत उघड चूक आहे का, एवढंच ते तपासू शकतात. म्हणून ‘पीअर रिव्ह्यू झालाय’ याचा अर्थ ‘सिद्ध झालंय’ असा घेऊ नका. जर्नलची पद्धत जुनी आहे. 1665 मध्ये आधी पॅरिसला आणि दोनच महिन्यांनी लंडनला पहिली जर्नल्स निघाली. लंडनचं ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हेन्री ओल्डनबर्ग यांनी सुरू केलं, आणि ते आजही निघतं. भौतिकशास्त्रज्ञांनी मात्र जर्नलची वाट बघणं कधीच सोडलं. 1991 मध्ये पॉल गिन्स्पार्ग यांनी ‘अर्काइव्ह’ हा ऑनलाइन साठा सुरू केला, तेव्हापासून ते निबंध छापून येण्याआधीच तिथे सगळ्यांसाठी खुले ठेवतात.

आता लावून ठेवण्याचं काम. वैद्यकातल्या निबंधांची सगळ्यात मोठी खुली नोंद म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं ‘पबमेड’. तिथे साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. एवढ्या ढिगातून हवं ते सापडतं, कारण बहुतेक नोंदींना ठरावीक विषय-संज्ञा जोडण्याची पद्धत आहे. कुणी निबंधात ‘हार्ट अटॅक’ लिहितं, कुणी ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’. दोन्हींना एकच संज्ञा मिळाली की एका शोधात दोन्ही हाती लागतात. ही संज्ञांची यादी 1960 पासून चालत आली आहे. वर्षानुवर्षं माणसं एकेक निबंध वाचून संज्ञा जोडत होती. 2022 पासून ते काम मुख्यतः संगणक करतो. दुसरी मोठी सोय 1964 मध्ये यूजीन गारफिल्ड यांनी केली. निबंधाच्या शेवटी जुन्या निबंधांचे संदर्भ असतातच, त्यांनी ती दिशा उलटी केली: या निबंधाचा संदर्भ नंतर कुणी कुणी घेतला, याची सूची काढली. जुना निबंध हातात धरून पुढे त्याचं काय झालं हे बघायचं असेल तर आजही हाच रस्ता आहे.

तरीही नोंद असणं वेगळं आणि उत्तर मिळणं वेगळं. मधलं काम आम्ही करतो, आणि ते कंटाळवाणं वाटेल इतकं काटेकोर असावं लागतं. आधी प्रश्न नेमका ठरवतो: कोणते रुग्ण, कोणता उपचार, कशाशी तुलना, आणि मोजायचं काय. मग कोणते अभ्यास घ्यायचे, कोणते सोडायचे, याचे नियम लिहून ते शोध सुरू करण्याआधीच जाहीरपणे नोंदवतो. निकाल दिसल्यावर नियम सोयीने बदलता येऊ नयेत, एवढ्यासाठी. त्यानंतर वेगवेगळ्या डेटाबेसमध्ये शोध. हजारो शीर्षकं निघतात. दोघं जण एकमेकांना न विचारता प्रत्येक शीर्षक आणि गोषवारा वाचून ‘घ्या’ किंवा ‘सोडा’ ठरवतात, जिथे जुळत नाही तिथे चर्चा, तरी न सुटल्यास तिसरं माणूस. उरलेले निबंध पूर्ण वाचायचे, आकडे उतरवून घ्यायचे, आणि प्रत्येकाची पारख करायची. उपचार कुणाला द्यायचा हे खरंच यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं, ठरलं होतं का? तपासणाऱ्याला कोण कुठल्या गटात आहे हे माहीत होतं का? मध्येच किती जण सोडून गेले, आणि त्यांचं काय झालं हे लिहिलंय का?

शेवटी जो आलेख तयार होतो तो वाचायला शिका असं मी प्रत्येकाला सांगते, कारण तुमच्या ‘हो’ आणि ‘नाही’चं कोडं त्यातच सुटतं. मधोमध एक उभी रेघ असते: फरक नाही. प्रत्येक अभ्यासाची एक आडवी रेघ. ती जितकी लांब तितकी त्या अभ्यासातली अनिश्चितता जास्त. आडवी रेघ उभीला छेदत असेल तर त्या एकट्या अभ्यासातून ठाम काही म्हणता येत नाही. सगळ्यात खाली एक चौकट असते, पत्त्यांमधल्या चौकटच्या आकाराची. ते सगळ्यांचं वजन धरून काढलेलं एकत्रित उत्तर.

कॉक्रेन ही संस्था असे आढावे करण्यासाठी 1993 मध्ये उभी राहिली. तिच्या बोधचिन्हातच असा आलेख आहे, आणि तो खऱ्या आकड्यांचा आहे. अकाली प्रसूती होऊ घातलेल्या बाईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात, असं दाखवणारी पहिली चाचणी न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी 1972 मध्ये प्रसिद्ध केली. नंतर आणखी चाचण्या झाल्या. त्या चित्रातल्या बहुतेक आडव्या रेघा उभ्या रेघेला छेदतात, म्हणजे सुटं वाचणाऱ्या डॉक्टरला ‘एक म्हणतो उपयोग होतो, दुसरा म्हणतो नक्की नाही’ असंच दिसत होतं. खालची चौकट मात्र पूर्णपणे एका बाजूला आहे: बाळं वाचतात. पहिल्या चाचणीनंतर दहाएक वर्षांत झालेल्या चाचण्या कुणी एकत्र केल्या असत्या तरी हे दिसलं असतं. पण असा आढावा 1989 पर्यंत प्रसिद्धच झाला नाही. त्या एकत्रित आकड्यांनुसार हे स्वस्त इंजेक्शन अकाली जन्मामुळे होणाऱ्या गुंतागुंतींनी बाळ दगावण्याची शक्यता 30 ते 50 टक्क्यांनी कमी करत होतं. माहिती होती, छापलेली होती, ग्रंथालयांत होती, कुणी एकत्र केली नव्हती. मधल्या वर्षांत किती बाळं गेली असतील याचा विचार आला की मला आजही अस्वस्थ वाटतं.

पण याहून अवघड गोष्ट वेगळीच आहे: जे छापलंच गेलं नाही ते कसं गोळा करणार?

एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेलं काम यासाठी जरूर माहीत असावं. औषधाला मान्यता हवी असेल तर कंपन्यांना आपल्या चाचण्यांचे निकाल अमेरिकेच्या औषध प्रशासनाला द्यावे लागतात. टर्नर यांनी नैराश्यावरच्या 12 औषधांच्या 74 चाचण्यांचे तिथले कागद घेतले आणि जर्नलमध्ये काय आलं ते शेजारी ठेवलं. प्रशासनाच्या मते 38 चाचण्यांत औषध उपयोगी ठरलं होतं. त्यातल्या 37 छापल्या गेल्या. उरलेल्या 36 नकारात्मक किंवा संदिग्ध होत्या; त्यातल्या 22 छापल्याच नाहीत, 11 अशा मांडल्या की निकाल चांगलाच वाटावा, आणि जशाच्या तशा छापल्या फक्त 3. म्हणजे जर्नल वाचणाऱ्याला 94 टक्के चाचण्या यशस्वी दिसत होत्या, प्रत्यक्षात होत्या 51 टक्के. याचा अर्थ ती औषधं निकामी आहेत असा नाही. पण त्यांचा परिणाम होता त्यापेक्षा मोठा दिसत होता, आणि डॉक्टर त्याच चित्रावर विसंबून होते. छापलेलं सगळं मन लावून वाचणारा माणूसही इथे फसला असता.

म्हणून चाचणी सुरू होण्याआधीच तिची जाहीर नोंद व्हायला हवी, हा आग्रह आला. मोठ्या वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांनी 2005 पासून नियम केला: आधी नोंद नसेल तर निबंध छापणार नाही. आता आढावा करताना आम्ही या नोंदवह्याही चाळतो. नोंद आहे, चाचणी संपून वर्षं झालीत आणि निकाल कुठेच नाही, असं दिसलं की संशोधकांना पत्र लिहितो. कधी उत्तर येतं, कधी येत नाही.

छापलेलं नंतर चुकीचं ठरलं की निबंध मागे घेतला जातो, पण ते सावकाश होतं. लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा, फक्त 12 मुलांवरचा वेकफिल्ड यांचा निबंध 1998 मध्ये आला आणि मागे घेतला गेला 2010 मध्ये. बारा वर्षं तो अधिकृतपणे उभा होता, आणि त्यातून पसरलेली भीती अजून गेलेली नाही.

डेटाबद्दलही एक गोष्ट सांगते. मूळ डेटा वाटला गेला तर किती फायदा होतो याचं उत्तम उदाहरण म्हणजे प्रोटीन डेटा बँक. 1971 मध्ये मोजक्या प्रथिनांच्या रचनांनी सुरू झालेला हा खुला साठा आज दोन लाखांच्या पुढे आहे, आणि रचनेचा अंदाज सांगणारी अल्फाफोल्ड प्रणाली याच साठ्यावर शिकली. उलट डेटा निष्काळजीपणे ठेवला की काय होतं? एक्सेल काही जनुकांची नावं तारखा समजून बदलून टाकत असे. ‘मार्च1’ची होई 1 मार्च. हे इतक्या निबंधांत घुसलं की 2020 मध्ये शेवटी जनुकांचीच नावं बदलावी लागली.

तर तुम्ही काय करायचं? आरोग्याचा प्रश्न असेल तर बातमीतला अभ्यास बाजूला ठेवून त्या विषयावर कॉक्रेनचा आढावा आहे का बघा. साध्या भाषेतला सारांश सहसा मोफत वाचता येतो. नसेल तर पबमेडवर विषय टाकून गाळणीत ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ निवडा. तो उघडल्यावर निष्कर्षाआधी तीन गोष्टी बघा: शोध कोणत्या तारखेपर्यंतचा आहे, अप्रकाशित चाचण्या शोधल्या होत्या का, आणि लेखकांनी पुराव्याला स्वतः किती भक्कम म्हटलंय. ‘पुरावा कमकुवत’ असं लिहिलेलं दिसलं तर निराश होऊ नका. त्या प्रश्नावर आज प्रामाणिकपणे तेवढंच म्हणता येतं, आणि उद्याची उलटी बातमी वाचून तुम्हाला आश्चर्य वाटणार नाही.